दौंडच्या तारघरातली खटखट

सैन्यात मी बिनतारी संदेशाचं काम केलं. आमचा तळ उत्तरेत होता. कुठं, ते सांगायची तेव्हा मनाई होती आणि आता सांगून उपयोग नाही. पत्र्याच्या लांबट खोलीत आम्ही कानाला हेडफोन लावून रांगेनं बसायचो. कानात शिट्टीसारखा सूर यायचा, आखूड किंवा लांब. त्यावरून अक्षर ओळखून लिहायचं; मोर्स म्हणतात ती हीच लिपी. पाच-पाच अक्षरांचे गट, सगळे सांकेतिक. मिनिटाला वीस गट मी न चुकता घ्यायचो, पण इतक्या वर्षांत एकाही संदेशाचा अर्थ मला कळला नाही. तो उलगडणारे दुसऱ्या खोलीत बसत.

जेवणाच्या रांगेत आम्ही स्वयंपाक्याला त्याच भाषेत, तोंडानं शिट्टी वाजवून, एक ठरलेली शिवी द्यायचो. ऐकून ऐकून ती त्याला पाठ झाली. एकदा डाळ वाढताना त्यानं ती तशीच आम्हाला शिट्टीवर परत दिली. तळावरचं हसणं म्हणून एवढंच आठवतं. बाकी ड्यूटी, झोप आणि पुन्हा ड्यूटी.

एकाहत्तरच्या लढाईनंतर सुटून शिरूरला आलो. बायको एवढंच म्हणाली, "आता पुन्यांदा सोडून जाऊ नगा." शेत होतं ते भावाच्या घरालाच पुरत नव्हतं. दौंड स्टेशनच्या तारघरात जागा असल्याचं कळलं. काम तेच, मोर्सचं, आणि नोकरीबरोबर क्वार्टर. मला इतकी खात्री होती की परीक्षेला जाताना तिलाही एसटीनं बरोबर नेलं.

तारघरात हेडफोन नव्हता. टेबलावर एक पितळी यंत्र, आवाज मोठा यावा म्हणून त्याच्यामागं सिगारेटचा रिकामा डबा खोचलेला. म्हाताऱ्या तारमास्तरांनी खूण केली आणि संदेश सुरू झाला. खट. खट. खटखट.

"लिहा की, मेजर," मास्तर म्हणाले. फौजेतून आलेल्या कुणालाही इकडं मेजरच म्हणत.

"मास्तर, यात सूर कुठंय?"

"सूर? मग काय सनई लावू?" बाजूचे दोघे हसले. "दोन खटक्यांमधलं अंतर ऐका. लिपी तुमचीच आहे."

लिपी माझीच होती. पण माझ्या कानाला आवाजाच्या लांबीची सवय, आणि इथं आवाजाला लांबीच नव्हती. मास्तरांनी तोच संदेश तीनदा पाठवायला लावला. सुटी अक्षरं सापडली, शब्द एकही नाही.

"शिकून घेतो, मास्तर. महिनाभर द्या."

"माझ्या हातात असतं तर दिला असता. बाहेर पाच जण बसलेत, सगळे यावरच शिकलेले." त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. तो पिऊन उठलो.

बाहेर ज्या बाकावर बायकोला बसवून आलो होतो, तिथं ती नव्हती. थोड्या वेळानं आली ती कुणाला तरी विचारून क्वार्टर बघूनच.

"नळ दारातच हाय. आन् मागं मेथीचे दोन वाफे व्हतील."

"न्हाई झालं."

"काय न्हाई झालं? तुम्हास्नी येतंय की ते."

मी तोंडानं सूर काढून दाखवला, मग बाकावर बोटानं खटखट करून दाखवली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मग एवढी वर्सं तिकडं केलं काय?"

आम्ही एसटीनं शिरूरला परतलो.

पुढच्याच महिन्यात पुण्याला एका कारखान्यात पहारेकरी म्हणून लागलो. चौघांत एक खोली, घरी यायचं ते रजा मिळेल तसं. निघताना तिनं डबा हातात दिला आणि ती आत गेली.