देवीच्या काठाचा मालक

मोहाडीजवळच्या आमच्या गावी देवीची नित्यपूजा माझ्याकडे आहे. दर नवरात्रात तिला कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे वस्त्र नेसवतात, आणि ते विणण्याचा मान एकाच कोष्टी घराण्याचा. शिंगाड्याच्या पानांच्या नक्षीचा काठ त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केवळ देवीसाठी विणला. वर्ष सरले की जुने वस्त्र तलावात विसर्जित होते. गाभाऱ्यात छायाचित्रास मनाई आहे.

त्या घराण्यातल्या विणकराने अलीकडे, देवीचा कौल घेऊन, तोच काठ उपरण्यांवर उतरवला. परदेशातून मागणी आली. माल रवाना झाला आणि तिकडच्या बंदरात अडला. आमच्या देवस्थानचे विश्वस्त असलेल्या एका व्यापाऱ्यांनी तो काठ त्या देशात, आणि इथेही, आधीच स्वतःच्या नावे नोंदवला होता. दोन देशांच्या व्यापारकरारानुसार नोंदलेल्या नक्षीची नक्कल बंदरातच जप्त करून नष्ट करतात. वकील म्हणाले, नोंदणीपूर्वीचे एक तरी वस्त्र मुदतीत दाखवा, म्हणजे नोंदणी रद्द होईल. देवीच्या अंगावरचे वस्त्र नोंदणीनंतरचे होते.

विणकर माझ्याकडे आला. "महाराज, जे हाये ते तलावातच हाये. काढू काय?"

विसर्जित वस्तू परत घेऊ नये, असे शास्त्र सांगते; आपद्धर्म म्हणून मी अनुज्ञा दिली. तलावात मासेमारी करणाऱ्या ढिवरांनी जाळे टाकले. व्यापारी तलावाच्या पाळीवर, बांधावर हात जोडून उभे होते.

"कायले मेहनत करता गा? देवीनं घेतलं ते घेतलं. आता चिखलाले साक्ष मांगा."

"शेठ, तुमी तं दरसाली पहिलं दर्शन घेता. हा काठ पाह्यला नाही काय?" विणकराने विचारले.

"पाह्यला ना बापू! म्हणून तं नोंदवला."

ढिवरही हसले, मग खजील झाले. जाळ्यात गाळाचा गोळा आला. विणकर तो जपून धुऊ लागला, तसतसे कुजलेले तंतू बोटांमधून पाण्यात निघून गेले. नक्षीची रेघही उरली नाही.

मुदत संपल्यावर उपरणी तिकडे जाळली. व्यापारी स्वतः विणकराच्या दारी गेले. "काठ माहा, हात तुहे. माह्या मागावर बस."

तो बसला. पुढच्या नवरात्रापूर्वी मला म्हणाला, "महाराज, देवीसाठी विनाचं तरी शेठले विचारा लागते. तुमी विचारता काय?"

मी विचारले. व्यापाऱ्यांनी डोळे मिटून, भक्तिभावाने होकार दिला. आणि पदरावर त्याच विणकराकडून स्वतःचे नाव विणून घेतले. तो पदर देवीच्या चरणांवर येतो. रोज मी वाहिलेले हळदकुंकू त्या नावावर पडते.