माडीवरचा कॉम्प्युटर

हिंजवडीत काचेच्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या, त्या वर्षांतली गोष्ट. मंडईमागे राहणारी मेहजबीन बी.कॉम. होऊन एका सर्वेक्षण संस्थेत लागली. कॉम्प्युटर आणि इंटरनेट कुणापर्यंत पोहोचलं, हे तेव्हा जगभर मोजलं जात होतं. पुण्याच्या आसपासचं मोजमाप या संस्थेकडे होतं. आपल्या हातून काही चांगलं घडतंय, असं मेहजबीनला मनापासून वाटायचं.

लोणी काळभोरच्या पुढे एका वस्तीवर तिनं गोदाबाई नावाच्या शेतमजूर बाईला विचारलं, गावात कॉम्प्युटर आहे का?

“हाय की. गावासाठी दिलेला आप्पासाहेबांच्या माडीवर हाय. आमची पोर शिकाया गेली, तर जिन्यातनंच हाकलली तिला.”

आप्पासाहेब गावचे पुढारी. त्यांनी मेहजबीनला अगत्यानं माडीवर नेलं, चहा पाजला. कॉम्प्युटरवर भरतकामाचा रुमाल, त्यावर सुकलेला हार. वायर गुंडाळून बांधलेली. वस्तीवरच्यांचे हात मळके, मशीन खराब होतं, असं त्यांनी हसतहसत समजावलं. तिनं अर्धा कप तसाच खाली ठेवला.

‘कॉम्प्युटर पोहोचला का?’ या रकान्यात तिनं ‘नाही’ लिहून आणलं. संस्थेचे प्रमुख दिग्विजय सरांनी ते खोडून ‘होय’ केलं.

“गावात मशीन आहे ना? मग पोहोचलं. आपण उपलब्धता मोजतो, वापर नाही.”

पुढे एका मोठ्या हॉटेलात निष्कर्ष जाहीर झाले. पडद्यावर ती वस्ती ‘जोडलेली’ दिसली आणि टाळ्या पडल्या. जेवणाच्या वेळी मेहजबीननं दिल्लीहून आलेल्या अधिकाऱ्यांना माडीची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी मान डोलावली, फारच रोचक आहे म्हणाले आणि गुलाबजाम कुठल्या टेबलावर आहेत, ते विचारलं. आप्पासाहेबांचीही आली नव्हती एवढी किळस तिला त्या अत्तर लावलेल्या, मऊ बोलणाऱ्या माणसांची आली. गळ्यातलं ओळखपत्र तिनं उष्ट्या ताटांच्या टबात टाकलं आणि ती बाहेर पडली.

नोकरी सोडली म्हणून तिचे अब्बा इम्तियाजभाई आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. अहवाल छापून निघाला.

ती एकदा वस्तीवर जाऊन आली. गोदाबाई खुरपत होती. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, “म्हंजी कागदावर आमच्या पोरीला येतोय म्हना की कॉम्प्युटर.”

पोरीचं लग्न ठरलं होतं.  मेहजबीन बांधावर नुसती बसून राहिली.