हजेरीत नसलेला माणूस

आमच्या निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत एक माणूस होता, जो कधीच कशाला नाही म्हणत नसे. आम्ही त्याला गुणी म्हणायचो. त्याला नाही का म्हणता येत नाही हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं, आणि वखारीचं पुष्कळसं अवघड काम त्यावरच चालत होतं.

सगळे त्याला चाचा म्हणत. जन्म निपाणीजवळच्याच एका खेड्यातला. फाळणीनंतर बाप पोटापाण्यासाठी कराचीला गेला तेव्हा हाही बापाचं बोट धरून गेला. थोरल्या बहिणीचं लग्न झालं होतं, ती इथंच राहिली. सत्तरीचं दशक सरत आलं तेव्हा तो थोड्या मुदतीच्या परवान्यावर तिला भेटायला आला आणि परत गेलाच नाही. तिकडं त्याची बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. इकडं बहीण विधवा, एकटी. मुदत संपल्यावर पोलीस खेड्यात चौकशीला आले, तेव्हा तिनं सांगितलं, "गेला की कवाच."

ती आमच्याकडे तंबाखू चाळायला येत असे. तिनं आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गळ घातली आणि भावाला वखारीत ठेवून घ्यायला लावलं.

"आपल्या मातीतला माणूस. परका कसला त्यो?" आप्पा म्हणायचे, आणि त्यांना ते मनापासून वाटायचं. पण हजेरीपटावर त्याचं नाव कधी चढलं नाही. मजुरी इतरांपेक्षा कमी, तीही आप्पांच्या मर्जीवर. कामगार खात्याचा साहेब आला की चाचा मागच्या दारानं उसात. सणासुदीला आमच्या घरून त्याला ताट जायचं. त्या ताटाचं आम्हाला फार कौतुक होतं.

तो आमच्यासारखाच बोलायचा, उलट आमच्यापेक्षा जुनं बोलायचा. लहानपणी गाव सुटलं तेव्हाची बोली त्यानं तशीच जपली होती. सीमाप्रश्नाचा मोर्चा रस्त्यानं गेला की वखारीच्या फटीतून बघत म्हणायचा, "धाकलं मालक, तुमास्नी महाराष्ट्र मागतुया, कर्नाटक सोडत न्हाय. माझं बरं हाय. मला कुनीच मागत न्हाय."

आम्ही हसायचो. तोही हसायचा.

पुढे आप्पांची दृष्टी गेली आणि वखार माझ्याकडे आली. त्याच सुमारास निपाणीतल्या वखारींमधल्या बायका संघटित होऊ लागल्या होत्या. मजुरी, प्यायला पाणी, आडोशाचा संडास, अशा त्यांच्या मागण्या होत्या. आज वाटतं, यातलं काय जास्तीचं होतं? तेव्हा मात्र मला सगळंच जास्तीचं वाटलं. मी नकार दिला आणि बायका फाटकाबाहेर बसल्या. हमालही त्यांच्या बाजूनं गेले. चाचाची बहीण पहिल्या रांगेत होती.

आत तंबाखूच्या थप्प्या तशाच राहिल्या. रचून ठेवलेला तंबाखू आतून तापतो. वेळेवर थप्पी उकलून खालचा माल वर, वरचा खाली करावा लागतो, नाहीतर पोटात काळा पडून वाया जातो. मी थप्पीत हात घातला आणि चटकन मागे घेतला.

"चाचा, माल तापलाय."

"व्हय मालक." तो तिथंच उभा राहिला. मग खाली बघत म्हणाला, "भन भाईर बसलीया."

मी म्हणालो, "बघा. तुमची मर्जी."

त्याला मर्जी नव्हती. मी ते जाणूनच बोललो होतो. त्यानं तोंडाला फडकं बांधलं आणि एकट्यानं थप्पी उकलायला घेतली.

पत्र्याआडून त्याचा खोकला फाटकापर्यंत ऐकू जायचा. बायका ओरडायच्या, "ए चाचा, दार लावून बसलायस, बाळंतीण हैस व्हय रं?" मग बहिणीकडे वळायच्या, "तुझा भाऊ आमच्या पोटावर पाय देतुया की गं." ती डोक्यावरचा पदर तेवढा पुढे ओढून घ्यायची.

माझं जेवणात लक्ष लागेना. फाटकापाशी जायचो, परत यायचो, थप्पीला हात लावून बघायचो. माल थंड होत होता, तरी मला चैन नव्हतं.

एका दुपारी बंदोबस्तावरचा फौजदार ओसरीवर चहा पीत बसला होता. तेवढ्यात चाचाची बहीण उठली. फाटकाचा दिंडी दरवाजा ढकलून, माझ्याकडे न बघता, सरळ आत गेली. घरच्या दखनी बोलीत ती त्याला बाहेर बोलावत होती, तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "भाई, बस हुआ. चल भार."

"पोलीस हैं भार."

"हैं तो हैं. मैं बी हूँ ना."

दोघं बाहेर आली. तो नखशिखांत तंबाखूनं माखलेला, डोळे लाल. बायकांमध्ये जाऊन बहिणीशेजारी मांडी घालून बसला.  मग एकीनं पाण्याचा तांब्या पुढे केला. "घे रं चाचा. आता आमचा झालास."

फौजदार धारवाडकडचा होता. त्यानं कप खाली ठेवला. "यारी इंव?" असं विचारून मला कळलं नसेल म्हणून पुन्हा मराठीत म्हणाला, "कोण हा? तुमचा माणूस काय?"

चाचा माझ्याकडे बघत होता. त्याची बहीणही बघत होती. माझ्या डोक्यात एकच होतं. परदेशी माणूस लपवून ठेवला म्हणून माझ्यावर केस होईल, वखारीला सील लागेल.

"न्हाय," मी म्हणालो. "आमच्या हजेरीत नाही त्याचं नाव."

कामगार नाही तर मग चिथावणी द्यायला बाहेरून आलेला असणार, असा फौजदाराचा समज झाला. त्यानं चाचाला उठवून ठाण्यावर नेलं. तिथं जुनी चौकशी सापडायला वेळ लागला नाही. दुसऱ्या सकाळी मी गेलो आणि तो आमचाच माणूस आहे असं सांगू लागलो. फौजदार म्हणाला, "काल न्हाय, आज व्हय? घरी जावा, मालक." चाचाला बेळगावला हलवलं होतं. पुष्कळ दिवस तुरुंगात ठेवून शेवटी पाकिस्तानच्या सरहद्दीवर नेऊन पलीकडे सोडला, असं एका वकिलाकडून कळलं.

संप मिटला. मागण्या मी मान्य केल्या. त्याची बहीण पुन्हा कामावर आली, तिला दुसरं काय होतं? ती चाळणीशी बसे आणि मी तिच्या बाजूनं जायचं टाळत असे. एकदा नाइलाजानं तिच्यासमोर थांबलो.

"मावशी, त्या दिवशी मी..."

तिनं चाळणी थांबवली. "मालक, एक इचारू? तुमी व्हय म्हनला असता, तर सोडलं असतं व्हय त्येला?"

मी खरं ते सांगितलं. "न्हाय, मावशी. तरी नसतं सोडलं."

तिनं पुन्हा चाळायला सुरुवात केली.

"मग म्हनायचं हुतं की," ती म्हणाली.