शिंगाडे सोलणारी बाई

भंडाऱ्याहून सिहोऱ्याला जाणाऱ्या एसटीत शेजारच्या अनोळखी बाईला मी न विचारता सांगून टाकलं, "नसबंदी झाली ना? मग आता मूल विसरा."

ती दवाखान्यातून परतत होती. दोन लेकरांनंतर तिचं ऑपरेशन झालेलं, त्यातला मुलगा तापाने गेला, आणि आता सासू नवऱ्यासाठी दुसरी बायको शोधत होती. सांगताना ती शिंगाड्याचं साल नखाने असं ओरबाडत होती, की जणू सासूच हाती लागली. गर मात्र माझ्या तळहातावर ठेवत होती.

"डॉक्टरीणबाई म्हने, नळी जोडता येते. खात्री नाही, वय पाहा लागते, नळी किती उरली ते पाहा लागते. पण आशा हाये. तुमी कायले विसरा म्हनता?"

मी गर चावत राहिलो.

"ऑपरेशनच्या टायमाले म्या म्हटलं, नवऱ्याचं करा. तं सासू म्हने, त्याले रोवन्याचं काम हाये. अन् चिखलात वाकून धान कोन रोवते? आमी बायाच ना! आता म्हने, खोट माह्यातच."

"माझ्या बायकोचंही झालंय, म्हणून म्हटलं," मी पुटपुटलो.

तिने माझ्या हातावरचा उरलेला शिंगाडा उचलून घेतला.

"बायकोचं झालं ना? तुमचं तं नाही? मंग चूप बसा, भाऊ."