रूथचा चेहरा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. एकदा देवळात हात जोडून मनातल्या मनात तरी बोलावं म्हटलं — आणि पोरीच्या परीक्षेचं काहीतरी मागून परत आले. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर हे तोंडातून बाहेर पडलं असतं का? नसतं.

मी इंग्रजीत एमए केलंय. आमच्या शहरातल्या राजारामपुरीत एका क्लासच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. बाहेर पाटी नव्हती. तिथं बसून आम्ही काहीजण अमेरिकेतल्या लोकांसाठी लिहायचो — म्हणजे सोशल मीडियावर त्यांची पेजं चालवायचो. माझ्या वाट्याला एक म्हातारी आली. एडना. खेड्यात राहणारी विधवा, रविवारी न चुकता चर्चला जाणारी, राजकारणावर सडेतोड बोलणारी. अशी बाई जगात कुठंच नव्हती. आमच्या सरांनी ती तयार केली आणि मला म्हणाले, "मॅडम, आपल्या घरातली आजी कशी बोलती, तसं लिहायचं. फक्त इंग्लिशमध्ये."

मी लिहायला लागले. आणि इथं एक सांगायला हवं — एडनाची मतं खोटी नव्हती. निदान मला तरी ती पटत होती. देशाला सीमा असते आणि ती राखावी लागते, यात काय चुकलं? शाळेत पोराला काय शिकवायचं हे आईबापाला विचारायला नको का? कष्ट करणाऱ्या, देवाला मानणाऱ्या माणसाला शहाण्या लोकांनी अडाणी का म्हणावं? माझे वडील शिरोलीच्या एका फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, कामाला होते. ती बंद पडली तेव्हा ते घरात कसे बसून राहायचे, ते मी पाहिलंय. तिकडच्या बंद पडलेल्या कारखान्यांबद्दल लिहिताना मला वेगळं काही रचावं लागत नव्हतं. काम परदेशात गेलं म्हणून पोळलेल्या माणसांसाठी मी लिहीत होते — परदेशात बसून. हे तेव्हा मला टोचलं नाही. आता टोचतं.

पण एडनाला चेहरा पाहिजे होता. मी शोधत बसले. अमेरिकेत माणूस वारलं की गावातले लोक त्याचा फोटो आणि चार ओळी इंटरनेटवर टाकतात. तिथं मला ती दिसली. दारातल्या पायरीवर बसलेली, पांढरे केस, फिकट निळा स्वेटर, आणि नजर — जणू तुम्ही काहीतरी बोलणार आहात आणि ती थांबलीय. नाव होतं रूथ. मी फोटो उचलला. मेलेली बाई कुठं तक्रार करायला येणार, असं मला वाटलं. अगदी ह्याच शब्दांत वाटलं.

पेज जोरात चाललं. लोक एडनाला 'ग्रँडमा' म्हणायला लागले.

मग एके सकाळी — आपली सकाळ म्हणजे त्यांची आदली संध्याकाळ — एक मेसेज आला. वॉल्टर नावाचा म्हातारा. शब्द फार सभ्य होते. 'बाईसाहेब, तुम्ही माझ्या पत्नीचा फोटो लावला आहे. ती वारली. काही गैरसमज झाला आहे का?'

मी सरांना दाखवलं. ते म्हणाले, "ब्लॉक करा आणि सोडून द्या." मी ब्लॉक केलं नाही. लिहिलं — फोटो माझाच आहे, कदाचित आमचे चेहरे सारखे असतील. त्यानं माफी मागितली. त्यानं! आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं. तुमच्याकडं पाऊस आहे का, असं काहीतरी. मी उत्तर दिलं.

ह्यात राग येण्यासारखं काही दिसतंय का तुम्हाला? मला दिसत नव्हतं. एकटा म्हातारा होता. बोलायला कुणी नव्हतं.

पुढचं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, बाई बनवून सांगतेय. पण झालं ते असं. मी एडनाच्या नावानं लिहिलं होतं की पोरं लहान असताना शेवटचं माणूस घरात येईपर्यंत मी दारातला दिवा मालवत नसे. मनानं लिहिलं होतं. वॉल्टरचा मेसेज आला — 'रूथ असंच करायची. आमच्या मुलीसाठी. तो बल्ब पिवळा होता, किडे येऊ नयेत म्हणून.' आणि माझ्या कॉम्प्युटरवर दुसऱ्या दिवसासाठी लिहून ठेवलेला मजकूर उघडा होता. त्यात शब्द होता — पिवळा. मी तो आदल्या दिवशी लिहिला होता.

योगायोग असेल. पण मग एडनाचा डावा गुडघा दुखतो म्हटलं, तर रूथचा डावाच दुखायचा. एडना नवऱ्यावर रागावली की भांडी पुन्हा घासायला घ्यायची, असं लिहिलं — त्यावर वॉल्टरचं एवढंच आलं, 'हे तुला कसं माहीत?'

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण मला ते 'तुला' असंच ऐकू आलं. आधी तो मला 'बाईसाहेब' म्हणायचा.

त्या दिवसांत सासूबाई गावाकडनं, गडमुडशिंगीहून, आमच्याकडं राहायला आल्या होत्या. मी त्यांना आत्या म्हणते. मी घरी लॅपटॉपवर काम करत होते, दुपारची वेळ होती, आणि आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कसलं गाणं म्हणतीस गं? कवापास्नं ऐकाय लागलोय."

"मी? मी कुठं काय म्हणतेय?"

"म्हणतीस की. आपल्यातलं न्हाय ते गाणं."

त्या आत आल्या, स्क्रीनवरचा फोटो बघितला आणि पदर सावरून मागं सरल्या.

"कोण बाई ही?"

"ऑफिसचं काम आहे, आत्या."

"काम कसलं? बघ की कशी बघतीया तुझ्याकडं. झाक बाई ते."

मी लॅपटॉप मिटला. त्यानंतर घरी काम करायचं सोडलं. ऑफिसात गर्दी असते, खालून क्लासच्या पोरांचा गलका येतो, तिथं भीती वाटत नाही. वाटत नाही, असं मी स्वतःला सांगायची.

एके दिवशी वॉल्टरनं मेसेजच्या सुरुवातीला लिहिलं — 'रूथ'. चुकून लिहिलं असेल? मी दुरुस्त करायला हवं होतं. एक ओळ पुरली असती. मी लिहिलं, 'बोल, वॉल्टर.'

आणि तो बोलला. त्यांना एकच मुलगी. शहरात राहायची. मागच्या निवडणुकीनंतर सणाच्या जेवणाला घरी आली आणि ताटावरच भांडण झालं. ती बापाला म्हणाली, तुम्ही ज्यांना मत दिलंत त्यांनी माणसांची मनं कुजवलीत. तो म्हणाला, माझ्या टेबलावर बसून मला कुजका म्हणणार असशील तर पुन्हा येऊ नकोस. ती गेली. आली नाही. आता त्यानं विचारलं होतं — 'मी फोन करू का तिला? तू सांगशील ते करीन.'

इथवर मी गोल गोल फिरत आले. आता सांगते.

मला उत्तर माहीत होतं. एडना जे रोज लिहायची — घर आधी, बाकी सगळं नंतर — त्याचं एकच उत्तर होतं. कर फोन. आत्ता कर. मत कुणाला दिलं ते राहू दे, पोर तुझी आहे. मी खरोखर असंच मानते. आमच्या घरात दोन भाऊ दोन पक्षांत आहेत आणि एका ताटात जेवतात.

पण त्यानं फोन केला असता तर तो तिला माझ्याबद्दल सांगणार. ती फोटो बघणार. मी पकडली जाणार. आणि अजून एक — हे सांगायला जड जातंय — त्याची मुलगी परत आली असती तर त्याला माझी गरज उरली नसती. रोज सकाळी कुणीतरी माझी वाट बघतंय, याची मला सवय झाली होती.

मी लिहिलं, 'थोरांनी वाकायचं नसतं. चूक तिची आहे. ती येईल. वाट बघ.'

थोरांचा मान — जे मी जन्मभर खरं मानत आले, तेच पुढं करून मी लपले. त्यानं लिहिलं, 'बरं, रूथ.'

त्यानंतर काही आठवडे तो लिहीत राहिला. फोनचं पुन्हा काढलं नाही. मग मेसेज थांबले. मी रोज उघडून बघायची. आणि एक दिवस त्याच्याच नावावरून मेसेज आला. मला बरं वाटलं — उघडेपर्यंत.

त्याच्या मुलीनं लिहिलं होतं. तो स्वयंपाकघरातच वारला. शेजाऱ्याला सापडला. कॉम्प्युटर चालू होता, समोर तिच्या आईचा चेहरा होता. तिनं आमचं सगळं बोलणं वाचलं होतं. ती पण फोन हातात घेऊन कितीदा बसली होती, असं तिनं लिहिलं. शिवी एकही नव्हती. शेवटी फक्त विचारलं होतं — 'तू कोण आहेस?'

मी खालच्या चौकोनात माझं नाव टाइप केलं. माझं खरं नाव, आडनावासकट. ते तिथं अनोळखी दिसत होतं. मी ते पुसलं. मग तिला ब्लॉक केलं.

त्या दिवसाची पोस्ट बाकी होती. ती मी लिहिली. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच फोन करा, उद्यावर टाकू नका, असं लिहिलं. चांगलं लिहिलं होतं. खूप लोकांनी ती पोस्ट पुढं पाठवली. कितीतरी जणांनी खाली लिहिलं की वाचून डोळ्यांत पाणी आलं, ग्रँडमा, आत्ताच वडिलांशी बोललो.

मी प्रत्येकाला उत्तर दिलं.