दिघा ते कळंबोली: पप्पांच्या कबरीसाठी एक दिवस

पप्पांची कबर नव्या रस्त्यात येते, अशी नोटीस आली तेव्हा त्यांना जाऊन चाळीस दिवसही झाले नव्हते. कबर हलू द्यायची नाही, असं ठरवून मी हरकतीचा अर्ज लिहिला आणि तो बेलापूरच्या कार्यालयात द्यायला गुरुवारी दिघ्याहून निघाले. सोबत दाऊदकाका, आमच्या चर्चचे जुने पंच.

बेलापूरला जायचं तर आठच्या आत बस पकडा. नंतर महाप्यापाशी कंपन्यांच्या बस वळायला लागतात आणि अर्धा तास तिथेच जातो.

तिथेच अडकलो असताना काका म्हणाले, "रविवारी अधिकाऱ्यांसाठीची प्रार्थना तू घे. कायम तुझे पप्पाच घ्यायचे."

"कबर उकरणाऱ्यांसाठी?"

"त्यांना तर जास्तच लागते, बाई."

पंतप्रधानांपासून वॉर्ड ऑफिसपर्यंत पप्पा कोणालाच सोडत नसत. सत्ता देवाने दिलीय म्हणून मान द्यायचा आणि त्याच कारणासाठी जाबही विचारायचा, असं त्यांचं म्हणणं.

कार्यालय दुसऱ्या मजल्यावर. साहेबांनी अर्ज वाचला, फाईल उघडली. "ताई, ही सही तुमच्या वडिलांची ना?"

त्यांचीच होती. चर्चचे सेक्रेटरी असताना लिहिलेलं पत्र: रस्ता सगळ्यांसाठी आहे, भिंतीकडची ओळ हलवायला आमची हरकत नाही, मात्र प्रत्येक घराला आधी कळवावं आणि प्रार्थना संपेपर्यंत मशीन थांबावं. त्याच ओळीत आमच्या आईची कबर होती.

"दोन्ही अटी मान्य आहेत," साहेब म्हणाले. "पण तुमची हरकत असेल तर काम थांबेल. बोला."

मी काकांकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"पप्पांना आईशेजारीच पुरायचं, असं तू म्हणालीस. दफनाच्या दिवशी तुला कोण नाही म्हणणार होतं?"

मी अर्ज परत घेतला.

कळंबोलीच्या आमच्या दफनभूमीत पोचलो तेव्हा दुपार झाली होती. पलीकडे ट्रक लोखंड उतरवत होते. दोन्ही कबरींवर लाल रंगाची खूण होती. काकांनी टोपी काढली, मी सुकलेली फुलं उचलली. जवळच्या ढाब्यावर डाळ-रोटी चांगली मिळते; आम्ही अर्धीच खाल्ली.

रविवारी अधिकाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेला मी उभी राहिले. पंतप्रधान झाले, मुख्यमंत्री झाले. मग अडले, कारण साहेबांचं नाव विचारायचं राहिलं होतं.

"आणि प्रभू, बेलापूरचे दुसऱ्या मजल्यावरचे साहेब," मी म्हटलं. "त्यांनी शब्द दिलाय. तो त्यांच्याकडून पाळून घे."

मागून काकांचा आमेन सगळ्यांच्या आधी आला.