गावचा जावई चालेल

किस्से गोळा करायला मला कुठं जावं लागत नाही. माझं खत-औषधांचं दुकान आहे, दुकानापुढं एक बाकडं आहे, आणि त्या बाकड्यावर रोज संध्याकाळी आमच्या गावच्या टेनिस बॉल क्रिकेट टीमचे चाहते बसतात. औषध कुणी घेत नाही, सल्ला सगळे देतात. एका किश्शावर हसून होईपर्यंत दुसरा घडलेला असतो. पण यंदाच्या सीझनची गंमत वेगळी. यंदाचे सगळे किस्से एकाच माणसाभोवती फिरले, आणि तो माणूस आमच्या गावचासुद्धा नव्हता!

त्याचं नाव सोमनाथ. घोडेगावहून भीमाशंकरकडं जाताना शिनोलीच्या पुढं आत वळलं की जांभुळदरा लागतो, तिथला बोलर. सकाळी टोमॅटोच्या वावरात, संध्याकाळी मैदानात. त्याचा यॉर्कर पायात कधी येतो ते बॅट्समनला दांडी उडाल्यावरच कळतं. आमचा कॅप्टन पप्पूशेठ त्याच्यासमोर दर वर्षी पहिल्याच बॉलला आऊट होतो आणि परत येताना पिचकडं रागानं बघतो. पिच बिचारं दर वर्षी वेगळं असतं.

पप्पूशेठ कॅप्टन कसा, हे विचारू नका. त्याचा जेसीबी आहे आणि टी-शर्ट तोच देतो.

*

तर यंदा ठरलं, सोमनाथला आपल्याकडं आणायचं. बोलणी करायला आळेफाट्याच्या एका हॉटेलात बैठक बसली. आमच्याकडून पप्पूशेठ आणि तात्या. तात्या म्हणजे रिटायर एसटी कंडक्टर, बाकड्यावरचं सगळ्यात मोठं डोकं. समोरून आले नाना, जांभुळदऱ्याच्या टीमचे अध्यक्ष. पांढरी टोपी, दोन सिमचा मोबाइल, आणि दर घासाला एकच वाक्य, "सोमा म्हंजी माझा पोरगाच हाय."

तात्यांनी ऑफर टाकली. "नाना, आमचे दोन ओपनर घ्या अन सोमनाथ द्या. एकाला दोन! तुमचा फायदाच हाय."

नानांनी मिसळीत पाव बुडवला. "तुमच्या दोगा ओपनरला सोमा दोन बॉलात घरी पाठिवतो. दोन बॉलाच्या मालासाठी आख्खा बोलर देऊ व्हय?"

बोलणी तिथंच फिसकटली. पाव मात्र नानांनी परत मागवले.

*

तेवढ्यात टुर्नामेंटचं पत्रक आलं आणि उरलीसुरली आशाही गेली. 'एक गाव, एक टीम. आधार कार्ड बघून खेळवलं जाईल. बाहेरचा खेळाडू चालणार नाही.'

बाकड्यावर सुतक पसरलं. तात्यांनी पत्रक हातात घेतलं. आयुष्यभर तिकिटावरचं बारीक छापलेलं वाचलेला माणूस! अगदी तळाला एक ओळ होती, 'गावचा जावई चालेल.' आयोजकांचा स्वतःचा जावई चांगला बॅट्समन असल्यामुळं ती ओळ आली होती, हे आम्हाला नंतर कळलं.

तात्या उठून उभे राहिले. "आरं, सोमनाथचं लगीन झालंय का?"

नव्हतं झालं. चार वर्षं स्थळं बघत होते. पोरगा निर्व्यसनी, वावर बागायती, पण शेती करतो म्हटलं की मुलीकडचे चहा अर्धा ठेवून उठायचे.

"मंग झालं की काम!" तात्या म्हणाले. "आपल्या गावची पोरगी द्यायची!"

*

लगेच देवळात मीटिंग. एवढी गर्दी ग्रामसभेला कधी होत नाही. पप्पूशेठनं भाषण केलं. शेतकरी नवरा नको म्हणणाऱ्या मुलींचा आणि त्यांच्या आईबापांचा त्यानं जाहीर निषेध केला. टाळ्या पडल्या, एकानं शिट्टी मारली.

मग तात्यांनी विचारलं, "बरं, कोन देतंय पोरगी?"

देवळातला पंखा किती आवाज करतो ते मला त्या दिवशी कळलं. कुणी चप्पल शोधायला लागलं, कुणाला अचानक फोन आला. मी पप्पूशेठला म्हटलं, "तुमची धाकटी बहीण आहे की लग्नाची."

"तिला पुन्याचा पायजे," पप्पूशेठ म्हणाला. "कंपनीतला. तिचा इचार येगळा हाय, भाऊ."

बोलर सगळ्यांना हवा होता, जावई कुणालाच नको होता. शेवटी जो माणूस मीटिंगला आलाच नव्हता, त्याच्या मुलीचं नाव एकमतानं मंजूर झालं.

*

तो माणूस म्हणजे बबनभाऊ. वाडवडील मेंढरांमागं हिंडलेले, भाऊंकडं अजून थोडी मेंढरं आहेत, बाकी शेती. बोलायला कमी आणि माणूस सोन्यासारखा. त्यांची मुलगी वैशाली नारायणगावला लॅबमध्ये रक्त तपासते. बायको गेल्यापासून भाऊंचा सगळा जीव या एका पोरीत. तिला चांगलं घर मिळावं, एवढंच त्यांचं मागणं.

फोनमध्ये नावं सेव्ह करायची भाऊंची स्वतःची पद्धत आहे. माणसाचं नाव नाही लिहायचं, तो काय करतो ते लिहायचं. मी त्यांच्या फोनमध्ये 'औषध' आहे. दाताचा डॉक्टर 'दात'. पप्पूशेठ 'जेसीबी'. एकदा पप्पूशेठनं ते बघितलं आणि रुसला. "भाऊ, मी कॅप्टन हाय की गावचा. मंग जेसीबी का?"

भाऊ शांतपणे म्हणाले, "जेसीबी चालताना बगितलाय मी."

*

भाऊंनी क्रिकेट बाजूला ठेवून स्थळाचा विचार केला. सोमनाथचं घरही मेंढरांतलंच, नात्यात बसत होतं. त्यांनी पाहुण्यांना बोलावलं.

बघण्याच्या कार्यक्रमाला मुलाकडचे चौघं आले आणि आमच्या टीमचे सगळे! ओटीवर पाय ठेवायला जागा नाही. वैशाली पोहे घेऊन आली तर तिच्याकडं कुणाचं लक्ष नाही, सगळे सोमनाथचा उजवा खांदा बघतायत. पप्पूशेठनं पहिला प्रश्न विचारला, "खांद्याला काय दुखनं-बिखनं न्हाई ना?"

वैशालीनं ट्रे खाली ठेवला. "झालं असंल तर मी इचारू का?" ती सोमनाथला म्हणाली, "लग्नानंतर माजी नोकरी चालू राहील?"

"राहू द्या की," सोमनाथ म्हणाला. "दुपारच्या भाकरी मी करतो. मला येत्यात. गोल नाय होत, पन फुगत्यात."

वैशाली हसली. पुढं पप्पूशेठनं रनअपबद्दल काय काय विचारलं, पण त्या दोघांपैकी कुणी ऐकत होतं असं मला वाटलं नाही.

*

भाऊंनी होकार कळवला. सुपारी फुटायची होती, तारीख धरायची होती. पण पप्पूशेठला दम कुठला! दुसऱ्या दिवशी स्टँडवर फ्लेक्स. 'गावचे नवे जावई, यॉर्कर किंग सोमनाथ यांचे हार्दिक स्वागत!' मधे सोमनाथ, हातात बॉल. भोवती अकरा शुभेच्छुकांचे फोटो, त्यात पप्पूशेठचा सोमनाथपेक्षा मोठा.

वैशाली लॅबला जाताना तिथं थांबली. खालून वर, वरून खाली सगळा फ्लेक्स बघितला. मला म्हणाली, "काका, यात नवरी कुठंय?"

अकरा शुभेच्छुकांत तिला जागा उरली नव्हती.

फ्लेक्सचा फोटो संध्याकाळपर्यंत जांभुळदऱ्याच्या ग्रुपवर पोहोचला.

*

त्यानंतर दोन दिवसांनी बबनभाऊंना अनोळखी नंबरवरून फोन आला. "तुमी भला मानूस, म्हनून सांगतो. पोरगा दारू पितो. घरात कुनाला म्हाईत न्हाई. पोरीचं वाटुळं करू नका." भाऊंनी विचारलं, आपण कोण? तिकडून आवाज आला, "हितचिंतक समजा," आणि फोन बंद.

भाऊंनी नंबर सेव्ह केला. नाव घातलं, 'हितचिंतक'. परत लावला तर रिंग जायची, उचलत कुणी नव्हतं. वैशालीनं तो नंबर आपल्या फोनमध्ये उतरवून घेतला.

वैशाली बापाशी खूप भांडली. "अण्णा, नाव न सांगनाऱ्याचं खरं, अन समोर बसून बोलनाऱ्याचं खोटं?" भाऊंना ते पटलं. पण पोरीच्या बाबतीत धोका घ्यायचं त्यांना धाडस झालं नाही. त्यांनी नकार कळवला आणि दोन दिवस मेंढरांकडंच बसून राहिले.

सोमनाथ नारायणगावला टोमॅटो टाकून परत जाताना माझ्या दुकानाशी थांबला. गाडीवरून उतरला नाही. "काका, मी चहाबी दिसातनं एकदाच घेतो ओ," एवढंच म्हणाला. मला फार वाईट वाटलं. लग्न मोडणारे फोन आपल्याकडं नवे नाहीत, पण इतक्या साध्या पोराच्या वाट्याला ते का यावेत?

*

बाकड्यावरही दुःख झालं, पण ते निराळं! पप्पूशेठ डोक्याला हात लावून बसला होता. "फायनलला शेवटची ओव्हर आता कोन टाकील?" ग्रुपवर कुणी हात जोडले, कुणी विझलेली मेणबत्ती टाकली. एकानं तर विचारलं, "दुसरा जावई बघता येईल का? विकेटकीपर असला तरी चालेल."

वैशालीचं काय झालं असेल, हे कुणी विचारलं नाही.

फ्लेक्स वाया जाऊ नये म्हणून तात्यांनी तो नेऊन कडब्याच्या गंजीवर टाकला. अजून आहे तिथं. सोमनाथचा चेहरा उन्हात जरा फिका झालाय, पप्पूशेठवर कोंबड्या बसतात.

*

फोन कुणी केला याचा तपासही बाकड्यावरच झाला. संशय जांभुळदऱ्यावर. कधीमधी बाकड्यावर येणारा एक जण खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर इलेक्ट्रिशियन आहे. तात्यांनी त्याला गाठलं.

"तुमच्या त्या मोठ्या छत्र्यांना लई लांबच्या ताऱ्यांचं ऐकू येतं म्हनं. मंग जांभुळदरा काय लांब हाय? जरा तिकडं फिरवा की!"

तो म्हणाला, "तात्या, छत्र्या वर बगत्यात. खाली कोन काय करतंय ते बगायला तुमचं बाकडं हाय की."

तपास तिथंच थांबला. नानांनी मात्र आम्हाला निरोप धाडला, "सोमाचं मोडल्याचं ऐकून जीव तुटला. पोरगाच हाय ना माझा."

*

आणि मग फायनल. अर्थातच आम्ही आणि जांभुळदरा!

त्या दिवशी आमच्या मांडवात एक नवल बघितलं. बबनभाऊ येऊन बसले होते. जन्मात मॅच न बघितलेला माणूस! मी विचारलं तर म्हणाले, "वैशूनं धाडलं. म्हनली, अण्णा, आज मॅचला जावाच. अन फोन चार्ज करून न्या." कशाला, ते तिनं सांगितलं नव्हतं.

शेवटची ओव्हर. आम्हाला पाच रन हवे, शेवटची जोडी, समोर पप्पूशेठ. आणि बॉल सोमनाथच्या हातात. पलीकडच्या मांडवात ट्रॉफीशेजारी नाना बसलेले, फेटा बांधूनच आले होते. आमचे निम्मे चाहते गाड्या काढायला गेले.

पहिला बॉल वाइड. लोक हसले. सोमनाथचा वाइड कुणी बघितलाच नव्हता. दुसरा वाइड. माइकवरचा म्हणाला, "बॉल ओला झाला असावा," आणि ऊन तर असं की पत्र्याला हात लावता येत नव्हता. तिसरा वाइड. त्यांचा कॅप्टन पळत आला, सोमनाथनं त्याला शांतपणे जागेवर पाठवला. चौथा वाइड. नाना उठून उभे राहिले, "सोमा, आरं काय करतोस!" सोमनाथनं त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि पाचवा बॉल इतका लांब टाकला की कीपरनं हातसुद्धा हलवला नाही.

आम्ही जिंकलो! पप्पूशेठ बॅट उंचावून मैदानभर धावत सुटला. बॅटला एकदाही बॉल लागला नव्हता. "मी प्रेशर टाकलं!" तो ओरडत होता. "प्रेशर!"

सोमनाथनं बॉल उचलला आणि सरळ नानांच्या मांडवात गेला. सगळं मैदान बघत होतं. बॉल त्यानं नानांच्या हातात ठेवला, टेबलावरचा त्यांचा मोबाइल उचलला. बाजूला माइक चालू होता, त्यामुळं आम्हाला स्पष्ट ऐकू आलं.

"नाना, दोन नंबरच्या सिमवरनं लावतो. दारू पितो म्हनून सांगितलं तुमी, आता मॅचबी घालिवली म्हनून सांगा."

त्यानं नंबर लावला आणि फोन नानांच्या कानाला धरला.

आमच्या मांडवात बबनभाऊंचा फोन वाजला. भाऊंनी चष्मा लावला, स्क्रीन बघितली, 'हितचिंतक'. मग मान वर करून मैदानापलीकडं बघितलं. फोन वाजतच होता. भाऊंनी तो कानाला लावला आणि जन्मात बोलले नसतील एवढ्या मोठ्यानं बोलले,

"बोला, हितचिंतक! आमचं जावई काय म्हनत्यात?"